चिठ्ठी नसलेली खापरं

काकांच्या घरात खोली भाड्यानं हवी असेल तर एक अट तोंडी सांगितली जायची. जुने टूथब्रश फेकायचे नाहीत, काकांना आणून द्यायचे. दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून ॲन आर्बरला स्टॅटिस्टिक्स शिकायला आले, दोन सुटकेसा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तर हा मंकी कॅप घातलेला म्हातारा मला विचारतो, "ब्रश मऊ वापरतेस का कडक?" ऑगस्टमध्ये मंकी कॅप! मनात म्हटलं, बाप्पा, कुठं येऊन पडले मी. पण बसचा स्टॉप दारातच होता आणि दुसरी खोली शोधायची अंगात ताकद नव्हती. मी म्हटलं, मऊ. "मग ये आत," काका म्हणाले. "कडक ब्रशनं झिलई जाते."

झिलई म्हणजे मातीच्या जुन्या भांड्यांवरची. मातीतून निघालेले तुकडे घासायला ब्रश जमवायचे, ही खणायच्या दिवसांतली सवय. काका पुरातत्त्ववाले. मूळचे वाईकडचे, पुण्यात शिकले, तरुणपणी इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका आठवडी बाजाराच्या गावात तीन उन्हाळे उत्खननावर राहिले. पुढं अमेरिकेत आले, नोकरी, लग्न, मुलगी, सगळं इथंच झालं. पण माणूस त्या गावातून काही बाहेर पडला नाही. गाव म्हणजे एवढंसं. एक दगडी चर्च, एक उतरता रस्ता, चार गल्ल्या आणि मधोमध लाकडी खांबांवर उभा असलेला जुना मार्केट हॉल. वर सभेची खोली, खाली मोकळी जागा. त्या खांबांच्या मध्ये बायका लोणी-अंडी घेऊन बसायच्या म्हणे. मी ते गाव कधी पाहिलं नाही. तरी आजही मला तिथं डोळे बांधून सोडलंत तर मी धान्यबाजारात बरोबर पोचेन, कारण काकांनी अख्खं गाव घरात मांडलं होतं.

"काका, मीठ कुठंय?"

"धान्यबाजारातून सरळ ये. चर्चच्या डाव्या हाताला."

चर्च म्हणजे फ्रिज. धान्यबाजार म्हणजे ओटा. डायनिंग टेबल अर्थातच मार्केट हॉल, आणि बेसमेंटला उतरणारा जिना म्हणजे खाटीकगल्ली. पहिले दोन महिने माझं डोकं फिरायचं. मीठ मागितलं तर मीठ सांगावं की नाही माणसानं! मग एकदा डिपार्टमेंटमधून फोन करून मीच त्यांना सांगितलं, "वरण चर्चमध्ये ठेवलंय, गरम करून घ्या," आणि शेजारी बसलेला साताऱ्याचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

शनिवारी ते मला बरोबर घेऊन जुन्या वस्तूंच्या दुकानात जायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. एखादा पाण्याचा जग उचलायचा, उलटा करायचा आणि दुकानदाराला विचारायचं, हा कुठून आला? तो बिचारा सांगायचा, कुणाच्या तरी घरच्या सेलमधून. "कुठलं घर? कुठली खोली?" त्याला कुठून ठाऊक असणार? "मग हा अनाथ आहे, सर," असं इंग्रजीत सुनावून काका जग खाली ठेवायचे. दुकानदार माझ्याकडे बघून खांदे उडवायचा. मी दाराशी उभी राहून मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

एकदा माझ्या हातून काचेचा बाउल फुटला. मी वाकले तर ते ओरडले, "हात लावू नकोस!" मला वाटलं, काच लागेल म्हणून. कसलं काय! गुडघ्यांवर बसून त्यांनी चष्मा वर केला आणि फरशीवरचा पसारा न्याहाळायला लागले. "बघ, बूड इथं, काठ पार तिथं. म्हणजे आधी बूड आपटलं. आता तू हे गोळा करून पिशवीत भरलंस, की मला एवढंच कळणार, इथं कधीतरी एक बाउल होता. तुकड्याला किंमत नसते गं. तो कुठं पडला होता, त्याला असते."

"काका, भात करपतोय."

"करपू दे."

त्यांचं समाधान होईपर्यंत मला ओट्याशी जाऊ दिलं नाही. करपलेला भात मात्र त्यांनीच मिटक्या मारत खाल्ला.

हे सगळं गमतीचं वाटतं सांगताना. घर मात्र उदास होतं. हॉलमध्ये एकच दिवा लावायचा, हीटिंग इतकं कमी की मी रजई पांघरून अभ्यास करायचे. काकू मी येण्याआधी दोनच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्या नर्स होत्या आणि घर त्यांच्या पगारावर चाललं, कारण काकांची युनिव्हर्सिटीतली नोकरी तरुणपणीच गेली. हुशारी होती, शिकवायचे छान, पण लिहून काही छापत नाहीत म्हणून त्यांना कायम केलं नाही. मग आयुष्यभर संध्याकाळचे वर्ग, इकडे एक, तिकडे एक. छापायचं काय होतं? तर त्या गावचा रिपोर्ट. उत्खननाच्या प्रमुखांनी विश्वासानं तो काकांवर सोपवला होता आणि निघालेली खापरं खोक्यांत भरून बोटीनं अमेरिकेला पाठवली होती. दोन वर्षांत रिपोर्ट लिहून खोकी परत, असं ठरलं होतं. ते प्रमुख वारले. खोकी आमच्या बेसमेंटमध्येच राहिली, वर्षानुवर्षं न उघडता. रिपोर्टचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

एकदा मी न राहवून विचारलं, "लिहून का नाही टाकत एकदाचं?"

"अजून काही तुकडे जुळायचेत."

"तीस-पस्तीस वर्षांत नाही जुळले ते आता जुळणारेत?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "खणणारा माणूस म्हणजे पंगतीत जेवून उठलेला. पानात काय काय वाढलं होतं ते आता त्यानंच सांगायचं. पान तर गेलं ना उकिरड्यावर! ती जमीन आम्ही खणून संपवली. तिथं परत खणायला काही उरलं नाही. मी चुकीचं सांगितलं तर चूक कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून भीती वाटते."

भीती वाटते, असं साठी उलटलेल्या माणसानं तोंडावर सांगितल्यावर मी उठून चहा टाकला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात फोन सुरू झाले. त्या गावातल्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. मार्केट हॉलची दुरुस्ती झाली होती, वरच्या खोलीत गावानं छोटं म्युझियम काढायचं ठरवलं होतं, आणि कुणीतरी जुने कागद चाळून शोधून काढलं होतं, की आपल्या गावची खोकी मिशिगनमध्ये कुणा भारतीय गृहस्थाकडे आहेत. बाईंचा आवाज इतका गोड आणि भिडस्त, की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. दर सोमवारी फोन. काका हातानं खूण करायचे, नाही म्हणून सांग. मी सांगायचे, झोपलेत. बाहेर गेलेत. डॉक्टरकडे गेलेत. बाई म्हणायच्या, "अरेरे, तब्येतीला जपायला सांगा हं त्यांना."

डिसेंबरात तब्येतीचं खरंच झालं. टेबलाशी बसल्या बसल्या काकांच्या हातातला चमचा पडला आणि तोंड वाकडं झालं. छोटा स्ट्रोक, डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. शिकागोहून मुलगी धावत आली. ती इथंच जन्मलेली, वकील, स्वभावानं चांगली, पण बापलेकींकडे बोलायला एक समान भाषा नव्हती. येताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून पिशव्या भरभरून आणल्या होत्या, भाकरवडी, भाजणी, आंब्याचं लोणचं.

"बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन."

"एकटा कुठाय मी? ही आहे की."

"शी इज अ टेनंट, बाबा."

वसंतात घर विकायचं आणि काकांनी शिकागोला जायचं, असं ठरलं. तसे ते गेले, आणि दोन हजार आठच्या थंडीत तिथंच वारले. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि विमानं रद्द झाली म्हणून पोचू शकले नाही. पण मला सांगायचंय ते घर विकण्याआधीच्या त्या हिवाळ्याचं. मुलीनं खोक्यांचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, "देणार. ज्यांची त्यांना देणार. पण रिपोर्टसकट देणार." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा हात चालत नाही. तू लिहून घेशील?" मला थिसिसचं टेन्शन होतं, यार, पण नाही म्हणायला जीभ रेटेना.

आता इथं एक रीत सांगायला हवी. खणून काढलेल्या प्रत्येक खापराच्या आतल्या बाजूला बारीक शाईनं नंबर घालतात. कुठला खड्डा, किती खोल, कुठला थर. डब्यावर नाव घालतो तसं. त्या धंद्यात सगळेच घालतात. काकांनी घातले नव्हते. तरुण होते, डोक्यात वारं भरलेलं. "सातशे वर्षं मातीत राहिलेल्याच्या अंगावर मी आकडे गोंदू? तो काय कैदी आहे?" म्हणून त्यांनी प्रत्येक खापर छोट्या कापडी पिशवीत घातलं होतं आणि पिशवीत एकेक चिठ्ठी, वळणदार अक्षरात. त्या चिठ्ठ्यांचा त्यांना फार अभिमान. उत्खननाच्या वहीत खड्डे होते, मापं होती, नकाशे होते. पण कुठलं खापर कुठल्या खड्ड्यातलं, ते फक्त चिठ्ठीवर.

जानेवारीत मी पहिलं खोकं खाटीकगल्लीतून वर आणलं. बाहेर गुडघाभर बर्फ. काकांनी पिशवीची नाडी सोडली, टेबलावर पालथी केली. हिरव्या झिलईचं एक खापर पडलं आणि त्याच्यामागून चिमूटभर करडा भुगा. दुसरी पिशवी, तेच. तिसरी, तेच. बेसमेंटच्या ओलीनं कागद मऊ झाला होता आणि कसर लागली होती. किड्यांनी चिठ्ठी न् चिठ्ठी खाल्ली होती. मी एकामागून एक खोकं वर आणत गेले, दम लागेपर्यंत. सगळीकडे भुगा.

काका कितीतरी वेळ तो भुगा बोटानं चाचपत होते. म्हणाले, "तुझी काकू सांगायची, वर आणा, वर आणा म्हणून." मग ताठ बसले. "चिठ्ठी गेली तर गेली. चिठ्ठी लिहिणारा आहे ना जिवंत? घे पेन."

आणि खरं सांगते, पुढचे काही दिवस ते जितके आनंदात होते, तितकं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी खापर हातात द्यायचे. ते डोळे मिटून त्याच्या काठावरून अंगठा फिरवायचे आणि बोलायला लागायचे. हे चर्चच्या भिंतीलगतचं, त्या दिवशी पाद्री आम्हाला चहा घेऊन आला होता. हे धान्यबाजारातलं, वरून दुसरा थर. एका खापरावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता, पाण्याच्या जगची मूठ जिथं चिकटवतात तिथं दाबलेला. "हे विहिरीतलं. पाऊस चालू होता. शिडी लावून मीच उतरलो होतो, बूट तिथंच रुतला." मी कार्डावर खापराचं छोटं चित्र काढून खाली लिहीत जायचे. काय स्मरणशक्ती, असं मला वाटायचं. एवढ्या वर्षांमागचा पाऊससुद्धा आठवतो या माणसाला!

या सगळ्यात त्यांचा जीव एकाच खापरात होता. ते वेगळं, सुपारीच्या डबीत ठेवलेलं. काळपट, ओबडधोबड, झिलई नाही. मार्केट हॉलच्या मधल्या खांबाखाली, खांबाच्याही आधीच्या थरात ते सापडलं होतं. हॉल उभा राहण्याच्या दोनशे वर्षं आधीपासून त्याच जागी बाजार भरत होता, हे काकांचं म्हणणं होतं, आणि त्याला पुरावा म्हणजे हे एक खापर. ते छापून आलं असतं तर नोकरी टिकली असती, नाव झालं असतं. "हे शेवटी घेऊ," ते म्हणायचे. "देवाला नारळ शेवटी."

मग ते झालं. ट्रे बदलताना माझ्या हातून आदल्या आठवड्यातलं एक खापर परत त्यांच्यापुढे गेलं. अंगठ्याच्या ठशाचंच. माझ्याही लक्षात आलं नाही लगेच. काकांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"खाटीकगल्लीच्या मागचा खड्डा. ऊन रणरणत होतं. माझ्याबरोबरच्या पोराला भोवळ आली होती."

माझ्या तोंडाला कुलूप कधीच नसतं. मी म्हटलं, "काका, हे तर विहिरीत होतं ना? पाऊस, शिडी, तुमचा बूट?"

ते हसले. "छे छे, विहिरीतलं दुसरं." मी कार्ड दाखवलं, त्यावर मीच काढलेलं ठशाचं चित्र दाखवलं. हसू मावळलं. मग म्हणाले, "मागचे ट्रे आण. सगळे मिसळ. मला पुन्हा विचार."

"राहू दे ना आज, काका."

"आण म्हणतो ना!"

मी आणले. देवा, ती दुपार मला विसरता येत नाही. ते डोळे मिटून सांगत होते, तेवढंच ठाम, तेवढंच रसाळ, पाद्री, चहा, ऊन, भोवळ, आणि मी कार्ड उलटून बघत होते. काही जुळत होती. पुष्कळ जुळत नव्हती. मी स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी, निकाल काय म्हणतो हे मला कुणी समजावायला नको होतं, आणि काकांनाही नको होतं. माझा चेहरा त्यांना दिसत होता. शेवटी ते उठले, भिंतीचा आधार घेत खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर ते खोलीतच बसून राहायचे. जेवायला यायचे, पान तसंच ठेवून उठायचे. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सो व्हॉट? त्याला काय वाटतं ते लिहू दे. नोबडी इज गोइंग टू चेक. ही विल बी हॅपी." सोमवारी बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांनाही सगळं सांगून टाकलं. बाई गहिवरल्या. म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्यांना जे आठवतं ते आमच्यासाठी पुष्कळ आहे. आम्ही तेच कार्डांवर छापू." खरंच, कुणाचं काय बिघडणार होतं? मलाही तेच पटलं. मी दारावर टकटक करून दोन्ही निरोप सांगितले.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी ते आपण होऊन टेबलाशी येऊन बसले. दाढी केलेली, टोपी काढलेली. म्हणाले, "लिही." रिपोर्ट एका पानाचा झाला. ही खापरं या गावातली आहेत. उत्खनन अमुक माणसांनी केलं. नोंदीची पद्धत मी ठरवली, ती चुकीची होती, त्यामुळे कुठलं खापर कुठलं हे आता सांगता येत नाही. प्रत्येक खोक्यावर लिहायचे शब्दही त्यांनी सांगितले, थर अज्ञात. मी लिहीत गेले आणि ते एकेका खोक्यावर वाकून, कशीबशी सही करत गेले. मी लिहिलेली कार्डं त्यांनी माझ्यासमोर फाडली.

उरली डबी. ती बघून मला धीर आला. मी म्हटलं, "हे तर वेगळंच ठेवलं होतं तुम्ही. याच्याबद्दल तरी शंका नाही ना? याचं खरं लिहू या काका. एवढं एक तरी राहू दे."

त्यांनी खापर तळहातावर घेतलं. डोळे मिटले नाहीत या वेळी. "डबीत मी ते इथं आल्यावर घातलं. त्याआधी कुठल्या पिशवीत होतं?"

"तुम्हाला आठवतंय की! खांबाखालचं. तुम्ही शंभर वेळा सांगितलंय मला."

"आठवतंय ना. मधल्या खांबाखालचं. सकाळची वेळ, धुकं होतं, पहिली कुदळ माझीच."

"मग? खात्री आहे ना तुमची?"

"खात्री काय, ती तर मला विहिरीच्या वेळेलाही होती," काका म्हणाले. "आणि गल्लीच्या वेळेलाही."

मी रडायला लागले होते. त्यांनी डबी माझ्यापुढं सरकवली.

"लिही," ते म्हणाले. "थर अज्ञात."

मी लिहिलं. त्यांनी सही केली.